खोली बांधावी की मुलीला तीन वर्षं द्यावीत?

(पत्रलेखिकेची ओळख पटेल असे तपशील काढून पत्राचा सारांश देत आहोत.)

नाशिकच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका लिहितात: "दीड वर्षापूर्वी आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. हे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेले पंधरा लाख तसेच पडून आहेत, त्यांना हात लावायचं मन होत नाही. ह्यांचं आणि दिरांचं म्हणणं, निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला त्याच्या नावाने खोली बांधून द्यावी. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, आता एकोणतीस वर्षांची. मानसशास्त्रात नुकतीच पीएच.डी. झाली, दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. तिला नाशिकच्या मुलांवर काम करायचंय. मारामाऱ्या करणारी मुलं, मार खाणारी मुलं आणि स्वतःला इजा करून घेणारी मुलं. तिने पैसे मागितलेले नाहीत, मलाच द्यावेसे वाटतात. मुलं असं का करतात ते निदान ती तरी शोधून काढेल. पण हे म्हणतात, संशोधन म्हणजे कागद. मदतच करायची तर शाळेत समुपदेशक नेमा. आणि पोरगी नवखी आहे, उद्या लग्न होऊन गेली तर? मी चुकते आहे का?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. "मुलं असं का करतात ते निदान ती तरी शोधून काढेल." बाकीचं सगळं या वाक्यावर उभं आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

ती ते शोधून काढणार नाही. तुम्हाला ज्या अर्थाने हवं आहे त्या अर्थाने तर नाहीच. तुमच्या मुलाच्या कागदपत्रांत पोलीस ठाण्यात कुणीतरी एका रकान्यात एक कारण लिहिलं असेल. परीक्षेतलं अपयश, कौटुंबिक कारण, प्रेमप्रकरण, असं काहीतरी. दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे येतात ते अशाच रकान्यांची बेरीज करून. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १३,०४४ विद्यार्थी होते, आणि सर्वांत जास्त आत्महत्या नोंदवल्या गेल्या त्या आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. प्रत्येकापुढे एकच कारण. पण एकाच कारणाने कुणी जात नाही. झोप, आजार, अपमान, एकटेपणा, हाताशी काय होतं, त्या संध्याकाळी घरी कोण होतं, असं खूप काही एका ठिकाणी येतं. संशोधक शेकडो मुलांकडे पाहून सांगू शकतात, की अमुक गोष्टी असल्या तर धोका वाढतो आणि तमुक केलं तर कमी होतो. एका विशिष्ट मुलाच्या त्या रात्रीबद्दल त्यांना काहीच सांगता येत नाही. तीन वर्षांनी त्या मुलीचा अहवाल तुमच्या हातात पडेल आणि त्यात तुमचा मुलगा सापडणार नाही. हे आत्ताच मान्य करता आलं तर पैसे द्या. येत नसेल तर थांबा. वर्षभर थांबलात तरी काही बिघडत नाही, पैसे ठेवीत आहेत.

आणि त्या प्रश्नासाठी तुम्हाला दोघांना कुणाची तरी सोबत हवी आहे, ती वेगळी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो गेलेल्यांच्या आईवडिलांसाठीही आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. यजमान बोलत नाहीत असं तुम्ही ओघात लिहिलंय. त्यांना फोन लावून देऊ नका, नंबर फक्त फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता त्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो खरोखर वजनदार आहे. संशोधन कशाला, थेट समुपदेशक नेमा. माझंही बरीच वर्षं असंच मत होतं. मग बिहारमधला एक अभ्यास वाचनात आला. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत, नववीच्या मुलांसाठी, 'सेहर' नावाचा कार्यक्रम तपासून पाहिला गेला, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. कार्यक्रम एकच, पुस्तिका त्याच. काही शाळांत तो चालवायला बाहेरून एक प्रशिक्षित माणूस नेमला. डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे, शिकवून तयार केलेला साधा कार्यकर्ता. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं. वर्षअखेरीला बाहेरचा माणूस होता त्या शाळांतलं वातावरण सुधारलं होतं. दादागिरी, मारहाण आणि नैराश्य, तिन्ही कमी झालं होतं. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फारसा फरक पडला नव्हता.

तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, हे वाचून वाईट वाटेल. मलाही वाटलं. पण विचार करा, हे मोजलं नसतं तर? कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने स्वस्त पडतं म्हणून शिक्षकांवरच काम टाकलं असतं, दहा वर्षं ते चाललं असतं, फोटो छापून आले असते, आणि मुलांना काहीच मिळालं नसतं.

युरोपातही हेच झालं. दहा देशांतल्या १६८ शाळा, ११,११० मुलं, तीन वेगवेगळे उपाय. पहिल्यात शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवलं. दुसऱ्यात प्रश्नावलीतून धोक्यातली मुलं हुडकून तज्ज्ञांकडे पाठवली. तिसऱ्यात मुलांनाच वर्गात बसवून एकमेकांशी बोलतं केलं, प्रसंग करून दाखवायला लावले. २०१५ मध्ये निकाल लागला. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न आणि टोकाचे विचार लक्षणीय कमी झालेले दिसले ते तिसऱ्यात. पहिले दोन उपाय काही वाईट हेतूने केलेले नव्हते. मलाही आधी विचारलं असतं तर मी पहिल्यालाच मत दिलं असतं.

म्हणून यजमानांना माझ्या वतीने एवढं विचारा: समुपदेशक नेमायचा, तर कोणता, कोणत्या वेळी, शाळेत की वस्तीत, मुलांशी बोलणारा की शिक्षकांशी? आपल्या नाशिकच्या मुलांसाठी याचं उत्तर कुणाकडे आहे?

'आपल्या नाशिकच्या' असं मी मुद्दाम म्हणते. गेल्या पावसाळ्यात सिडकोतल्या एका अभ्यासिकेत मुलांशी बोलायला गेले होते. सोबतच्या कार्यकर्तीने एक छापील प्रश्नावली भरून घेतली. "गेल्या दोन आठवड्यांत आपणांस उदास किंवा निराश वाटले का?" शेजारी बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने पटकन 'अजिबात नाही'वर खूण केली. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती, पेन डाव्या हातात धरलं होतं. नंतर बाहेर टपरीवर चहा घेताना तो आपणहून म्हणाला, "मॅडम, उदास नाही वाटत. डोकं फिरतं. मग कोणाला तरी ठोकावंसं वाटतं, नाही तर स्वतःलाच."

त्या कागदावर हा मुलगा ठणठणीत होता.

दुःख आणि राग यांना त्याच्याकडे एकच शब्द होता, आणि हात दुसऱ्यावर उचलायचा की स्वतःवर, हे त्या वेळी समोर कोण आहे यावर ठरत होतं. तुमची विद्यार्थिनी मारामारी आणि आत्महत्या हे दोन्ही एकत्र अभ्यासायचं म्हणते, ते ऐकून तुम्हाला नवल वाटलं असं तुम्ही लिहिता. मला ती योग्य वाटेवर आहे असं वाटतं. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१४ मध्येच या दोन्हींची मुळं कशी एकमेकांत गुंतलेली असतात यावर एक सविस्तर टिपण काढलं होतं. घरात पाहिलेली मारहाण, शाळेशी तुटलेलं नातं, राग आवरता न येणं, ही दोन्हीकडे सापडतात. आपल्याकडे मात्र कोयता घेऊन फिरणाऱ्या पोराची बातमी गुन्हेगारीच्या पानावर आणि जीव दिलेल्या पोराची आतल्या पानावर एका कॉलमात. एक पोलिसांचा विषय, दुसरा डॉक्टरांचा. उंटवाडीच्या निरीक्षणगृहात आलेल्या मुलाला, स्वतःबद्दल तुझ्या मनात काय येतं, हे विचारायचं कुणाच्या कामात बसत नाही.

त्यात भाषा. सटाणा-कळवणकडच्या मुलाची अहिराणी, सुरगाणा-पेठच्या मुलीची कोकणा. परदेशात तयार झालेली प्रश्नावली पुस्तकी मराठीत आणून या मुलांपुढे ठेवली की ती अभ्यासिकेतल्या मुलासारखी 'अजिबात नाही'वर खूण करून मोकळी होतात. ही प्रश्नावली मुलांच्या बोलीत पुन्हा घडवणं, ती बरोबर मोजते का हे तपासणं, हेच एका नव्या संशोधकाचं दीड-दोन वर्षांचं काम आहे. त्यातून बातमी होणार नाही. पण ते झालं की पुढे प्रत्येक आश्रमशाळेत, प्रत्येक कॉलेजात वापरता येईल.

आता 'नवखी' या शब्दाबद्दल.

पीएच.डी. चालू असताना मिळू शकणारे पैसे तरी असतात. यूजीसीची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची आहे, आपल्याकडे राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत. मोठ्या प्राध्यापकांना मोठे प्रकल्प मिळतात. दरी आहे ती या दोहोंच्या मध्ये. पदवी हातात आहे, कायम नोकरी नाही, मोठा प्रकल्प मागायचा तर आधी छोटं काहीतरी करून दाखवलेलं लागतं, आणि ते छोटं करायला कुणी पैसे देत नाही. मग सीएचबी. जितके तास तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत तर पैसेही नाहीत. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मध्ये बस. तुमची विद्यार्थिनी पस्तिशीपर्यंत अशी धावली तर ती चांगली शिक्षिका होईल, पण या विषयावरचं तिचं काम संपलेलं असेल.

हे एका देशाने मोठ्या प्रमाणावर अनुभवलेलं आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये संसदेने अशी अट घातली, की सीडीसीने आपला पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये, आणि त्या विषयाच्या संशोधनाला जात होते तेवढेच, म्हणजे २६ लाख डॉलर, अंदाजपत्रकातून काढले. संशोधनावर थेट बंदी नव्हती. पण पैसा आटला आणि तरुण संशोधक दुसऱ्या विषयांकडे गेले. २०२० च्या अंदाजपत्रकात अडीच कोटी डॉलर पुन्हा दिले गेले, तोवर जवळजवळ पाव शतक गेलं होतं. पैसे परत आणता येतात, त्या काळात जी माणसं तयार झाली नाहीत ती परत आणता येत नाहीत. मुलांमधली हिंसा कशी रोखावी यावर काम करणाऱ्या नव्या संशोधकांसाठी सीडीसीने वेगळं अनुदान काढलं त्यात एक अट होती, ती मला फार आवडते: अनुभवी मार्गदर्शक सोबत असलाच पाहिजे. नवख्या माणसावर विश्वास टाकायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही. तुम्हीही तेच करा.

लग्नाचं म्हणाल तर, तिच्या जागी मुलगा असता आणि त्याला पुण्यात नोकरी लागण्याची शक्यता असती, तर यजमानांनी हा प्रश्न एवढ्या काळजीने विचारला असता का, हे त्यांनी शांतपणे स्वतःला विचारावं. माणूस निघून जाण्याची सोय कागदावर करता येते. ती कशी ते सांगते.

पैसे तिच्या हातात देऊ नका. एक तर नात्याबाहेरच्या व्यक्तीकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली की ती तिच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते. दुसरं म्हणजे, ती तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्ही तिच्या बाई आहात. पैशांचं ओझं या नात्यावर पडू नये. नवा ट्रस्टही काढू नका. पंधरा लाखांसाठी धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, या वयात हे मागे लावून घेऊ नका. एखाद्या विद्यापीठाला, वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा आधीपासून नोंदणी असलेल्या चांगल्या संस्थेला प्रकल्पाच्या नावाने देणगी द्या. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, पुणे विद्यापीठाचं उपकेंद्रही आहे. शहरातल्या कॉलेजांचे मानसोपचार विभाग आहेत. कुठे द्यायचे हे मार्गदर्शक कुठे सापडतो त्यावर ठरू द्या. प्रकल्पाचं लेखाशीर्ष वेगळं असावं, संस्था व्यवस्थापनापोटी किती टक्के कापून घेणार ते आधी लिहून घ्यावं, आणि संशोधक मध्येच सोडून गेली तर उरलेली रक्कम त्याच कामासाठी दुसऱ्याला मिळेल असं कलम असावं. यजमानांचा प्रश्न तिथे सुटतो.

रकमेबद्दल. पंधरा लाख ठेवीत टाकून व्याजातून दरवर्षी पुरस्कार द्यायचा, असंही कुणी सुचवेल. सात टक्के धरले तरी वर्षाला लाखभर मिळतील, म्हणजे महिन्याला आठ-नऊ हजार. त्यावर कुणी संशोधन करू शकत नाही. मी अकरा वर्षं एका स्मृती पुरस्काराच्या निवड समितीवर होते. दरवर्षी शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो. त्या अकरा जणांपैकी आज कोण काय करतं, हे आमच्यातल्या एकालाही सांगता येत नाही, आणि त्याची मला खंत आहे. आम्ही कधी कुणाला विचारलंच नाही, की तुला आत्ता काय कमी पडतंय.

माझा सल्ला असा. महिना ३०,००० प्रमाणे वर्षाचे ३ लाख ६० हजार तिचं मानधन, आणि १ लाख ४० हजार कामाचा खर्च. वर्षाला पाच लाख, दर सहा महिन्यांनी हप्ता. पहिल्या दोन वर्षांचाच शब्द द्या, म्हणजे दहा लाखांचा. तिसऱ्या वर्षाचे पाच लाख तुमच्याच नावावर राहू द्या आणि तिला स्पष्ट सांगा, की तुमच्या दोघांच्या आजारपणाला लागले तर ते मिळणार नाहीत. मुलगा म्हातारपणीची काठी होता, ती आता नाही. हे मी कठोरपणे लिहिते आहे, पण घरचा वैद्य म्हणून समजून घ्या. तुमचं पेन्शन, यजमानांची शिल्लक, आरोग्य विमा, सगळं मांडून बघा. त्यात ओढाताण दिसली तर दहा लाखसुद्धा देऊ नका, पाच द्या.

कामाच्या खर्चात काय येतं हे तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणजे हिशेब बघताना शंका येणार नाही. त्र्यंबक-पेठच्या शाळांपर्यंतचा प्रवास. मुलाखतींची लेखी प्रत करणं: तासाभराचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, आणि अहिराणीत असेल तर ती येणारं माणूस लागतं. आणि एक खर्च मी अटीसारखाच घालीन. बोलता बोलता एखाद्या मुलाने सांगितलं, की मला जगायचं नाही, तर त्याच दिवशी त्याला कोण भेटणार? त्या डॉक्टरचं नाव, फोन, मानधन, सगळं आधी ठरलेलं हवं. "टेली-मानसला फोन कर" असं त्याला सांगणं पुरेसं नाही. ही सोय नसेल तर एकाही शाळेत पाऊल टाकू नये, संशोधन कितीही मोलाचं असो.

याच्याशी जोडलेली एक भीती पालक आणि मुख्याध्यापक हमखास बोलून दाखवतात, तुम्हीही दाखवलीत: असले प्रश्न विचारून मुलांच्या डोक्यात नको ते भरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ मुलांवर हे तपासून पाहिलं होतं, २००५ मध्ये निष्कर्ष छापले गेले. आत्महत्येबद्दल विचारल्यामुळे मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढले नाहीत. मन आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडं हलकंच वाटलं असावं असं दिसलं. अर्थात विचारणारा माणूस नीट तयार हवा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतीतत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार लागतो. आश्रमशाळांत जायचं तर आदिवासी विकास आयुक्तालयाची परवानगी; ते कार्यालय नाशिकमध्येच आहे, हे तिच्या सोयीचं. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, आणि हे मुलाला आधी सांगावं लागतं, नंतर नाही. या सगळ्यात सहा-आठ महिने सहज जातात. पहिल्या वर्षी तुम्हाला हातात काहीच दिसणार नाही. तो आळस समजू नका.

तुम्ही स्वतः काय करायचं नाही, तेही लिहिते. निवड एकटीने करू नका. ती मुलगी तुम्हाला कितीही आवडत असली, तरी तिचं दोन पानांचं टिपण या क्षेत्रातल्या दोन अनोळखी माणसांना वाचायला द्या. मुलाच्या कॉलेजात अभ्यास करायला तिला सांगू नका. मुलाखती ऐकायला, वाचायला मागू नका. तुम्ही हक्काने मागाल आणि तिला नाही म्हणता येणार नाही. निष्कर्ष 'काही फरक पडला नाही' असा आला तरी तो छापायचा, ही अट मात्र जरूर घाला. आणि जे सापडेल ते मराठीत, शाळांना समजेल असं लिहून द्यायचं, हीसुद्धा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. पंधरा लाख सगळ्यांकडे नसतात. पन्नास हजारांत एखाद्या संशोधकाच्या सगळ्या मुलाखती उतरवून होतात. मे-जूनचे दोन महिने सीएचबीवाल्या कुणाचं घरभाडं भरलंत तर तेवढ्यात एक मोठा अर्ज लिहून होतो. आणि ज्यांना स्वतःलाच हे काम करायचंय, त्यांनी घरच्या पैशांवर थांबू नये. आयसीएमआर आणि आयसीएसएसआर पीएच.डी.नंतरच्या फेलोशिपही देतात. सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने मांडणी केली तर 'इंडिया अलायन्स'ची सुरुवातीच्या संशोधकांसाठीची फेलोशिप आहे. हिंसेवर प्रबंध लिहिणाऱ्यांना शेवटच्या वर्षात हॅरी फ्रँक गुगनहाइम फाउंडेशनकडे अर्ज करता येतो, कोणत्याही देशातून. आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या अमेरिकन फाउंडेशनचं नव्या संशोधकांसाठी वेगळं अनुदान आहे. परदेशी पैसा संस्थेकडून यायचा असेल तर तिच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी नोंदणी आहे का, हे अर्ज लिहिण्याआधी विचारा. अर्ज मंजूर होऊन पैसे अडकल्याचं मी पाहिलं आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचा विचारही करा, पण त्यांना मार्चअखेर काहीतरी दाखवायचं असतं, त्यामुळे प्रश्नावलीपेक्षा शिबिराला पैसे लवकर मिळतात.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीलाही विचारा, यातले कोणते दरवाजे वाजवून झाले. तुमचे दहा लाख तिला पुढचा मोठा अर्ज करण्याइतकं काम करून देणारे असावेत.

राहिली गावची खोली. यजमानांना तिचा एवढा आग्रह का, याचा मी विचार करत होते. खोलीला हात लावता येतो. सणावाराला गावी गेल्यावर तिच्यासमोर उभं राहता येतं. संशोधनाला हात लावता येत नाही, आणि ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं कारखान्यात हाताने काम केलं त्याला ते पोकळ वाटणारच. त्यांना वादात हरवू नका. त्या मुलीला एकदा घरी बोलवा, आणि तिला तिचं काम त्यांना सांगू द्या. तुम्ही चहा करायला आत जा. ती आकडे सांगेल, मुलांबद्दल सांगेल. ते कारखान्यातला माणूस म्हणून विचारतील, मोजमाप कशाने करणार, चुकलं तर कळणार कसं. संशोधनाबद्दल याहून चांगले प्रश्न नाहीत. त्यानंतरही त्यांना खोलीच हवी असेल, तर खोली बांधा. ते पैसे दोघांचे आहेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, फेलोशिपला मुलाचं नाव द्यावं का, आणि दिलं तर तो कसा गेला ते लिहावं का. नाव द्या, पण कसा गेला ते लिहू नका. त्याच्या नावापुढे तो जगला त्यातलं काहीतरी लिहा. गल्लीतल्या पोरांच्या सायकली तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेला आहात. पण हे यजमानांशी बोलून ठरवायचं, आणि त्यांना वेळ लागेल. करारात नावाची ओळ तेवढी कोरी ठेवा. बाकीचे कागद त्यावाचून पूर्ण होतात.